नावडता महिना



वाईत, कृष्णेच्या काठी, मे महिन्यात, संध्याकाळी साडेसहाला व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळींना हवामानाची जाण आहे, हे मला आल्याआल्या पटलं. दोन तास आधी ठेवलं असतं तर तुम्ही आला नसता. महिनाभर उशिरा ठेवलं असतं तर मंडप राहिला नसता. माझ्या विषयाची निम्मी मांडणी तुमच्या वेळापत्रकानंच करून ठेवली आहे.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो, ते आम्हाला भूगोल शिकवायचे. मॅट्रिकचा निकाल लागला की पालक त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. ‘गुरुजी, पोराला पुढे कुठे घालू?’ गुरुजी आधी मार्क विचारत, मग ऐपत विचारत, आणि पालकानं गावाचं नाव घेतलं की तिसरा प्रश्न विचारत : ‘तिथला नावडता महिना कोणता?’ पालक गोंधळून जायचे. शिक्षण कोणतं, फी किती, जातवाले कोणी तिथे आहेत का, एवढा विचार ते करून आलेले असायचे. महिन्याचा विचार कुणी केलेला नसायचा. गुरुजी म्हणायचे, ‘कहाणीत राजाला दोन राण्या असतात. आवडतीच्या महालात तो राहतो, पण त्याचं नशीब फिरतं ते नावडतीच्या हातून. गावाचंही तसंच. आवडत्या महिन्यात कुणीही कुठेही राहील.’

आज मला या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. शिकायला आणि राहायला जागा निवडताना हवेचा विचार करावा का, केला तर कसा करावा? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना गाडी गाठायची आहे त्यांना निघता येईल. गावाचं सरासरी हवामान पाहून काही कळत नाही. त्याचा नावडता महिना पाहावा, आणि तो महिना आपल्याला कोणत्या खोलीत काढायचा आहे ते पाहावं.

हा धडा शिकायला लांब जायला नको. इथून एस.टी.त बसा. पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. सगळं मिळून तीस-बत्तीस किलोमीटरचा रस्ता. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १३००च्या आसपास, महाबळेश्वर त्याहून थोडं उंच. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीला साधारण त्याचा तिसरा हिस्सा. आणि खाली वाईत आकडा हजारापर्यंतही जात नाही. कोकणातून चढून आलेले ढग महाबळेश्वराच्या कड्यावर आपलं ओझं उतरवतात आणि उरलेला शिधा पाचगणीला वाटतात. आपल्या वाट्याला येतो तो प्रसाद.

आता या तिन्ही गावांत काय काय वसलं ते पाहा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपतींशी करार करून महाबळेश्वर इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण केलं. एप्रिल-मेमध्ये साहेबलोक तिथे खूश असत. पण जून लागला की गाशा गुंडाळावा लागे. घरांच्या भिंतींना गवताचे आडोसे बांधायचे, सामान बांधून ठेवायचं आणि उतरायचं. ज्याला बारा महिने राहायचं आहे, मुलं वाढवायची आहेत, आजारातून उठून बरं व्हायचं आहे, त्याला महाबळेश्वर उपयोगी पडेना. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉन चेसन नावाच्या गृहस्थानं थोडं खालचं पठार निवडलं आणि पाचगणी वसवली. थंडावा जवळपास तोच, पण पाऊस सोसवेल इतका. आणि म्हणून शाळा पाचगणीत आल्या! निवासी शाळांचं गाव म्हणून पाचगणीचं नाव झालं. डॉ. बिलिमोरियांचं क्षयरोग्यांसाठीचं बेल-एअर आरोग्यधामही तिथेच उभं राहिलं. महाबळेश्वराला हॉटेलं मिळाली. दोन्ही गावांना उंची आहे, दोन्हीकडे स्ट्रॉबेरी पिकते. फरक एका जुलैचा. मुलाला दोन दिवस फिरवून आणायचं असेल तर आवडता महिना पुरतो. दहा महिने शिकवायचं असेल तर नावडता महिना सोसवेल असं गाव लागतं.

आणि खाली आपली वाई. इथे ना थंडीचा थाट, ना धुक्याची मौज. पण इथे वेदाध्ययनाची परंपरा टिकली, प्राज्ञपाठशाळा चालली, आणि मराठी विश्वकोशासारखं दीर्घ पल्ल्याचं काम मुंबई-पुणं सोडून इथे बसलं. त्याचं पहिलं कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. हवेमुळे विश्वकोश झाला असं मी म्हणणार नाही. पण पोथ्या, कागद आणि लाखो शब्दांची टिपणं कोरडी राहावी लागतात. हेच कार्यालय महाबळेश्वरात असतं तर पहिल्याच पावसाळ्यात ‘बुरशी’ ही नोंद कागदावर आपोआप उमटली असती.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची तर पुणं पाहावं. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराची वर्षातून तीन घरं असत. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणं. तीन ठिकाणांचे तीन नावडते महिने चुकवत राज्यकारभार चालायचा. पुण्याच्या मुक्कामासाठी गणेशखिंडीत १८६०च्या दशकात मोठा वाडा बांधायला घेतला. मुंबईत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, पुण्यात सातशेच्या घरात, आणि पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर. शिवाय १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती. हे महत्त्वाचं आहे. हवा चांगली असून भागत नाही, तिथे पोचताही आलं पाहिजे. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि गव्हर्नराचा तो पावसाळी वाडा विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. साहेबानं पावसाळा टाळायला निवडलेल्या जागेवर आपली पोरं जून-जुलैत प्रवेश घ्यायला रांगा लावू लागली.

पुण्याची आणखी एक गंमत आहे. शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा थांबा आहे. नव्या मुलांना वाटतं, कुणा सिमल्याच्या माणसाचं काही असेल. खरं म्हणजे ती हवामान खात्याची इमारत. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, आणि पुणेकरांनी त्याला जे नाव दिलं ते मुख्यालय १९४४ साली दिल्लीला गेल्यावरही सुटलं नाही. देशाच्या हवेचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हिमालयातून उठून जिथे बिऱ्हाड केलं, त्या गावाची हवा वाईट म्हणता येणार नाही.

इथे एक इशारा दिला पाहिजे, कारण या विषयात घसरायला फार सोपं आहे. ‘थंड हवेत डोकं चालतं, उष्ण देशातली माणसं आळशी’, हे आपण ऐकलेलं असतं, कधी कधी बोललेलंही असतं. एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकी भूगोलतज्ज्ञानं १९१५ साली हवामान आणि संस्कृती यांवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि अमुक तापमानात संस्कृती फुलते असं जगाचं कोष्टक मांडलं. त्या कोष्टकात त्याची स्वतःची हवा सर्वोत्तम ठरली, हा योगायोग समजावा! पुढच्या भूगोलज्ञांनी ते मत मोडीत काढलं, आणि ते योग्यच झालं. काशीत ज्येष्ठात काय ऊन असतं ते यात्रा करून आलेल्यांना विचारा. पैठणचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला तो सांगावा लागत नाही. तरी शतकानुशतकं माणसं तिथेच शिकायला गेली. अक्कल हवेत पिकत नाही.

पण काशीत किंवा पैठणात शिकणारी माणसं हवेला विसरून शिकत नव्हती, हेही लक्षात घ्या. पहाटे उठून पाठ, दुपारी विसावा, संध्याकाळी पुन्हा पाठ. जाड भिंती, आत चौक, अंधारी माजघरं. बौद्ध भिक्षू आठ महिने फिरत आणि पावसाचे महिने एका जागी राहत, तो वर्षावास. आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांमधली विहारांची रचना त्याच मुक्कामासाठी. कान्हेरीला गेलात तर खोल्यांइतकंच पाण्याच्या टाक्यांकडे पाहा. पडणारा पाऊस बाहेर ठेवायचा आणि उन्हाळ्यासाठी साठवायचा, दोन्ही कामं एकाच कातळात केलेली आहेत. विनयपिटकात बिंबिसार राजा बुद्धासाठी जागा शोधतो तो प्रसंग आहे. गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, येण्याजाण्याला सोयीची हवी, दिवसा गर्दी नको आणि रात्री गोंगाट नको, असा विचार करून तो वेळुवन देतो. वसतिगृहाची जाहिरात वाचताना आजही याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

म्हणजे हवा आणि माणूस यांच्यामध्ये एक गोष्ट उभी असते : खोली. आणि खोलीबरोबर अंथरूण, कपडे, जेवण आणि दिनक्रम. हवा आपल्याला थेट भेटत नाही, ती या सगळ्यांच्या मार्फत भेटते. याची दोन उदाहरणं सांगतो. दोन्ही मोठ्या माणसांची आहेत आणि दोन्ही जिवाला चटका लावणारी आहेत.

पहिलं उदाहरण आपल्या घरचं. आनंदीबाई जोशी. १८८३ सालच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. पहिले काही महिने न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी गेले. तो तिकडचा उन्हाळा, घर प्रेमाचं. मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश झाला आणि पाठोपाठ हिवाळा आला. जानेवारीत तिथला पारा शून्याच्या आसपास असतो. कल्याणकडच्या मुलीला, शाकाहार सांभाळणाऱ्या मुलीला, नऊवारीत वावरणाऱ्या मुलीला तो हिवाळा भेटला तो कॉलेजच्या खोलीत. चरित्रांमध्ये त्या खोलीतल्या शेगडीचं वर्णन येतं : पेटवावी तर धूर कोंडतो, विझवावी तर गारठा. पायांना थंडी लागू नये म्हणून त्यांनी लुगडं नेसण्याची पद्धतसुद्धा बदलली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

थंडीनं त्यांचा बळी घेतला, असं सरसकट म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉखनं तो जंतू दाखवला १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या आदल्या वर्षी. त्यांची प्रकृती निघण्याआधीपासून नाजूक होती. पण कोंदट खोली, धूर, गारठा आणि अपुरं अन्न यांनी प्रतिकारशक्ती खाल्ली, हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. एवढा समुद्र ओलांडण्याचं धैर्य दाखवणाऱ्या मुलीला एक चांगली शेगडी कुणी दिली असती तर? इतिहासात ‘जर-तर’ला किंमत नसते. वसतिगृहाच्या व्यवस्थापकानं मात्र तो प्रश्न रोज विचारला पाहिजे.

दुसरं उदाहरण रामानुजन यांचं. १९१४ साली मद्रासहून निघून ते केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात पोचले. तेव्हा केंब्रिजमध्येच प्रशांतचंद्र महालनोबिस शिकत होते. भारतीय संख्याशास्त्र संस्था पुढे ज्यांनी उभारली तेच. मधली काही वर्षं त्यांनी अलीपूरच्या वेधशाळेत हवामानाचं कामही केलं. एकदा बोलता बोलता रामानुजन म्हणाले की रात्री फार थंडी वाजते, ओव्हरकोट घालून शाल लपेटून झोपतो. महालनोबिस त्यांच्या झोपण्याच्या खोलीत गेले. पाहतात तर गादीवर ब्लँकेटं व्यवस्थित घातलेली, कडा गादीखाली खोचलेल्या. ब्लँकेटांच्या आत शिरून झोपायचं असतं, हे रामानुजन यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते ब्लँकेटांवर झोपत होते! त्या काळातल्या जगातल्या फार थोड्या लोकांना समजेल असं गणित करणारा माणूस, पण थंड देशात अंथरुणात कसं शिरायचं हे ठाऊक नाही. यात हसण्यासारखं काही नाही. कुंभकोणममध्ये त्याची गरजच नव्हती. पुढे महायुद्ध आलं, शाकाहारी जेवणाचे हाल झाले, आजारपणं झाली, सॅनिटोरियमं झाली. १९१९ साली ते परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी गेले, बत्तिसाव्या वर्षी. त्यांना नेमका कोणता आजार होता यावर आजही मतभेद आहेत. पण ती ब्लँकेटांची गोष्ट मला त्या साऱ्या वैद्यकीय चर्चेहून जास्त शिकवून जाते. गाव चुकलं नव्हतं, गुरू चुकला नव्हता. गुरू तर हार्डींसारखे गणिती होते. राहून गेलं ते एवढंच की नवख्या मुलाला गादीपाशी नेऊन दाखवणारं माणूस पहिल्या रात्री भेटलं नाही.

खोलीचं महत्त्व मोजूनही पाहिलेलं आहे. २०१६च्या जुलैमध्ये अमेरिकेत बॉस्टनला उष्णतेची लाट आली, तेव्हा हार्वर्डच्या संशोधकांनी ४४ विद्यार्थ्यांचा बारा दिवस अभ्यास केला. काही वातानुकूलित वसतिगृहात राहणारे, काही जुन्या, वातानुकूलन नसलेल्या इमारतीत. रोज सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर छोट्या चाचण्या सोडवायच्या. लाटेच्या दिवसांत गरम खोलीत झोपलेल्यांना एका चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. शहर तेच, आकाश तेच. ही सगळी तरुण, निकोप मुलं होती. रात्रीची खोली तेवढी वेगळी होती. दुसरा अभ्यास २०२०चा, अमेरिकेतल्याच सुमारे १ कोटी शाळकरी मुलांच्या परीक्षांचा. शाळेचं वर्ष एक अंश फॅरनहाइटनं जास्त उष्ण गेलं तर वर्षभराच्या शिकण्यात एका टक्क्याची घट, आणि वर्ग थंड ठेवण्याची सोय असेल तर ती घट जवळजवळ नाहीशी. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. आमच्या मुलांची मेरिट लिस्ट दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर ठरते.

आता आपल्या मुलांकडे येऊ. तालुक्याच्या गावातून मुलगा पुण्याला जातो. कॉलेजला नाही तर स्पर्धापरीक्षेला. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहतो. म्हणजे खोली त्याची नाही, एक खाट त्याची. डबा मेसचा, दिवस अभ्यासिकेत. पुण्याची हवा छान, हे त्याच्या आजोबांनी ऐकलेलं. पण त्याची खाट आहे वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. पत्र्याखालच्या मुलाला पुण्याची हवा मिळत नाही, पत्र्याची मिळते. माझंच सांगतो. शिकत असताना मला एका वसतिगृहात शेवटच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या भिंतीची खोली मिळाली होती. दिवसभर तापलेली भिंत रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता परत करत राहायची. मी परीक्षा जवळ आली की जिन्यात पथारी टाकायचो. रेक्टरांनी एकदा मला उठवून नियम वाचून दाखवला. खोलीत येऊन तापमान मात्र वाचलं नाही.

तिथून तो मुलगा पुढे दिल्लीला जातो. दिल्लीचे नावडते महिने दोन आहेत. जूनचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो. नोव्हेंबरची विषारी हवा तिथे गेल्यावर कळते. ती इतकी बिघडते की शाळा बंद ठेवण्याची वेळ येते. दमा असलेल्या मुलानं निर्णय घेण्याआधी हे पाहायला नको? आणि पाऊस? २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. दिल्लीचा वार्षिक पाऊस मुंबईच्या निम्माही नाही. सरासरीनं त्या तिघांबद्दल काहीच सांगितलं नसतं. तळघरानं सगळं सांगितलं असतं.

आणि जी मुलं समुद्रापलीकडे जातात, त्यांच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तिथे थंडीइतकाच प्रश्न उजेडाचा आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य जवळजवळ अकरा तास असतो. बर्लिनला पावणेआठ तासही नसतो. सकाळी अंधारात वर्गात जायचं आणि चारनंतर अंधारात परतायचं. नॉर्मन रोझेन्थाल नावाचे डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले. हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांनी स्वतःवरून ओळखलं. पुढे १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या या खिन्नतेचं शास्त्रीय वर्णन केलं. आपली मुलगी जानेवारीत फोनवर ‘काही नाही गं आई, कंटाळा आलाय’ म्हणते, तेव्हा तो दर वेळी अभ्यासाचा कंटाळा असेलच असं नाही. तिला दुपारच्या उन्हात अर्धा तास चालून ये म्हणावं, आणि कंटाळा हटेना तर डॉक्टरांकडे जा म्हणावं. दोन्ही सांगायला लाजू नये.

उलट टोकही आहे. नागपूर-चंद्रपूरची मुलं म्हणतात, आम्हाला उन्हाची काय भीती? ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. चंद्रपूरकराला ४३चं कौतुक नाही, हे मान्य. पण विदर्भात मृगाची वाट पाहता येते. फिनिक्समध्ये महिनाभर सुटका करायला कोणी येत नाही, रात्रसुद्धा निवत नाही. तिथलं जगणं वातानुकूलनावर उभं आहे, आणि त्याचं बिल भाड्यात धरावं लागतं. थंड देशात कोट, बूट आणि घर ऊबदार ठेवण्याचा खर्च धरावा लागतो. फीचं कोष्टक मांडताना हवेचा रकाना आपण मोकळा सोडतो. तो मोकळा राहत नाही. पहिल्या हिवाळ्यात तिकडचं कुणीतरी तो भरून पाठवतं.

तुम्ही म्हणाल, ‘हे सगळं ठीक आहे, पण निवडायला मिळतं कुणाला?’ खरं आहे. ज्याला एकाच ठिकाणी प्रवेश मिळाला, ज्याला एकाच ठिकाणची शिष्यवृत्ती मिळाली, तो नावडता महिना विचारून काय करणार? हवेसाठी चांगला विषय, चांगला गुरू सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. गुरुजींचाही तो तिसरा प्रश्न होता, पहिला नव्हता. आनंदीबाई फिलाडेल्फियाला गेल्या ते बरोबरच केलं, रामानुजन केंब्रिजला गेले ते बरोबरच केलं. पण गाव निवडता आलं नाही तरी खोली थोडीफार निवडता येते. वरच्या मजल्याऐवजी मधला, पश्चिमेऐवजी पूर्वेची भिंत, तळघराऐवजी दोन पायऱ्या वर. खोली निवडता आली नाही तर दिनक्रम निवडता येतो. आणि काहीच निवडता आलं नाही, तर निदान काय येणार आहे हे माहीत असतं. माहीत असलेल्या हिवाळ्यात माणूस स्वतःला दोष देत बसत नाही.

पण निवड ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याकडे मला जास्त जोरानं बोलायचं आहे. संस्थाचालक, विश्वस्त, वसतिगृहं बांधणारे. तुमच्यापैकी काही पुढच्या रांगेत बसले आहेत. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे सरकारलाही नावडता महिना कळतो, कळल्यावर वेळापत्रक हलवताही येतं. मग गच्चीला पांढरा रंग देणं, पश्चिमेच्या भिंतीला झाडाची सावली देणं, वरच्या मजल्यावर मुलांऐवजी पाण्याच्या टाक्या आणि कपाटं ठेवणं, परगावच्या नव्या मुलाला पहिल्या रात्री गादीपाशी नेऊन दाखवणं, याला कोणतं अनुदान लागतं? दोन हजार वर्षांपूर्वी कातळात खोल्या खोदणाऱ्यांना जे सुचलं, ते सिमेंट ओतणाऱ्यांना सुचू नये, याची मला लाज वाटते.

शेवटचं बोलतो आणि थांबतो. आपल्याकडे प्रवेश होतात जून-जुलैत. पहिला पाऊस झालेला असतो, डोंगर हिरवे झालेले असतात, कॉलेजची इमारत धुऊन निघालेली असते. परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकात नेहमी लालपिवळ्या पानांचा ऑक्टोबर असतो. सगळं जग आपल्याला आवडत्या महिन्यात बोलावतं, आणि सही आपण तिथेच करतो.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा बारावीचा निकाल आहे, त्यांना एवढीच विनंती. पावसाची वाट पाहू नका. याच महिन्यात जा, दुपारी तीन वाजता जा. वसतिगृहाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली उघडायला सांगा. दार लावून घ्या आणि मुलाला, मुलीला शेजारी बसवून दहा मिनिटं तिथे काढा. मग खाली या आणि फॉर्म भरा.